खांबाचा घोटा

शिमगा झाला की आप्पा, म्हणजे माझे वडील, विजेचे लाकडी खांब वाजवायला निघत. जुने डॉक्टर छातीवर बोटं टेकवून वाजवून बघायचे, तसं. खांद्याला कॅनव्हासची पिशवी, तिच्यात अर्धा किलोची हातोडी, गिरमिट, धार मोडलेला स्क्रू ड्रायव्हर, शिंप्याची टेप आणि सुतळीनं पेन्सिल बांधलेली वही. रविवार असला तर मीही मागून जायची. जमिनीपासून हात पोचेल तिथवर, वीत-वीत अंतरानं, चारी अंगांनी एकेक ठोका. चांगलं लाकूड खणखणतं आणि हातोडी आपसूक उलटी उडते. आतून गेलेलं लाकूड बद्द वाजतं आणि हातोडी तिथंच बसते. "कान फसवतो कधीकधी, मनगट नाही," असं म्हणून ते हातोडी माझ्या हातात द्यायचे आणि पुढचा खांब मला वाजवायला लावायचे.

शिमग्यानंतरच का, तर तोवर लाकूड पुरतं वाळलेलं असतं. ओलं लाकूड धडधाकट असलं तरी बद्दच बोलतं. आणि पुढं वळीव उभाच. आमच्याकडं खांब पडतात ते आषाढाच्या झडीत कमी, वळवाच्या वाऱ्यात जास्त. दुपारी चारच्या सुमाराला राजहंसगडावर आभाळ काळं होतं, धुळीचा लोट उठतो आणि पाच मिनिटांत आमच्या बेळगावच्या वडगावातले सगळे माग एकदम गप्प होतात. ज्यांचं बालपण मागांच्या खटखटीत गेलंय त्यांना तो गप्पपणा कळेल. करंट गेला हे डोळ्यांच्या आधी कानाला कळायचं. आई लगेच आप्पांची चप्पल दाराशी नेऊन ठेवायची.

आप्पा लाईनमन होते. १९७१ साली विद्युत मंडळात लागले तेव्हा मंडळ म्हैसूर राज्याचं होतं. १९७३ च्या १ नोव्हेंबरला राज्याचं नाव कर्नाटक झालं आणि मंडळाच्या पाट्याही बदलल्या. २००४ मध्ये निवृत्त झाले तेव्हा वीजवाटपाची हुबळीची कंपनी होऊन दोन वर्षं झाली होती. आम्हा वडगाव-शहापूरच्या लोकांना पाट्या बदलण्याचं फारसं नवल नाही. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं, त्याच्यानंतर मुंबई राज्यात, १९५६ नंतर म्हैसुरात. आप्पांची घरची वही मराठीत असायची आणि ऑफिसचं रजिस्टर कन्नडात. रजिस्टरात खांबाला ‘कंब’ आणि वाळवीला ‘गेद्दलु’. खांब आणि कंब हे शब्द मुळात एकाच घरचे, हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं. आप्पांना ते कुणी सांगायची गरज पडली नव्हती. त्यांच्या गँगमध्ये निम्मे मराठी, निम्मे कन्नड, आणि खांबावर चढलेल्या माणसाला खालून ओरडून सांगायचं असलं की जो शब्द आधी तोंडात येईल तो.

मी सातवीत असतानाची गोष्ट. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात जुन्या लाईनच्या तारा बदलायचं काम निघालं होतं. लाईन क्लिअर घेतलेली, तारांत करंट नाही, सगळं रीतसर. आप्पांच्या गँगमधले एक काका शिडीनं वर गेले, कमरेचा पट्टा खांबाला बांधला आणि चिमणीवरची, म्हणजे तार जिच्यावर बसते त्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवरची, तार सोडवली. एका बाजूच्या तारा सुटल्या, आणि खांब माणसासकट खाली आला. जमिनीपाशी मोडला, अगदी काडीसारखा. त्या खांबाला उभं ठेवलं होतं ते त्याच्या तारांनीच. दोन्हीकडच्या ताणावर तो नुसता लटकून होता. काका वाचले, पण उजवा पाय कायमचा गेला. पुढं ते आमच्या घरी यायचे तेव्हा आप्पा स्वतः उठून त्यांची कुबडी भिंतीला टेकवून ठेवायचे, दुसऱ्या कुणाला ठेवू द्यायचे नाहीत.

त्या उन्हाळ्यापासून आप्पांच्या पिशवीबरोबर एक लहान खोरं आलं. आणि मनगट फसवत नाही, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही.

आप्पा २०१६ मध्ये गेले. त्यांच्या वह्या चाळताना त्या खेड्याचं पान सापडलं. खांबाचा नंबर, तारीख, आणि पुढं त्यांच्याच अक्षरात दोन शब्द: ‘वाजवला. ठीक.’ घटनेच्या दोन महिने आधीची नोंद. त्यांनी खांब खरोखर वाजवला होता, आणि तो खरोखर खणखणलाच असणार. हातोडीला जमिनीवरचं ऐकू येतं. मातीखाली काय चाललंय ते तिला ऐकू येत नाही. त्या पानानंतरच्या एकूण एक नोंदीत तिसरा शब्द आहे: ‘उकरला.’

खांब कुठं कुजतो, असं विचारलं तर बहुतेक लोक म्हणतात, मातीत गाडलेलं टोक. किंवा पाऊस झेलणारा शेंडा. मलाही तसंच वाटायचं. आप्पांनी माझ्या पायाकडं बोट केलं आणि म्हणाले, "हितं. घोट्यात." जमीन आणि हवा जिथं भेटतात तो भाग, त्यांच्या भाषेत खांबाचा घोटा. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला चार गोष्टी लागतात: खायला लाकूड, ओल, हवा आणि ऊब. खोल मातीत ओल भरपूर, पण हवा नाही. वर हवा भरपूर, पण पाऊस उघडला की लाकूड वाळतं, आणि लाकडातली ओल त्याच्या सुक्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत राहिली तर बुरशीचं काही चालत नाही. दोन्ही एकत्र मिळतं ते फक्त घोट्यात, जमिनीच्या चार बोटं वरपासून हातभर खोलीपर्यंत. वाऱ्यानं खांब वाकू बघतो तेव्हा सगळ्यात जास्त जोर येतो तोही तिथंच. जिथं जोर लागतो तिथंच दुखणं. माणसाच्या कमरेचंही तसंच असतं, आणि आप्पांना उतारवयात कमरेनंच छळलं.

आमच्या बाजूला तर जमीनच तशी. कॅम्प, हिंडलगा या अंगाला तांबडी माती, पाणी पडलं की झिरपून मोकळी. वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात काळी. हीच माती बासमतीला मानवते, कारण ती पाणी धरून बसते. खांबालाही ती तशीच धरून बसते. बळ्ळारी नाला फुगला की शिवारातले खांब आठ-आठ दिवस पाण्यात. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि खांबाभोवती बोट जाईल एवढी फट पडते. मग पहिल्या वळवाचं पाणी सरळ त्या फटीतून घोट्यावर.

तपासायची आप्पांची पद्धत लिहून ठेवते, कारण ती आता करणारे थोडे राहिले. आधी खांबाकडं लांबून बघायचं. तो कलला आहे का, ताणाची तार ढिली आहे का, शेंड्यावर टोपी आहे का. लाकडी खांबाच्या शेंड्याला पत्र्याची टोपी लागते किंवा शेंडा उतरता कापावा लागतो, नाहीतर पाणी रेषांतून थेट गाभ्यात उतरतं. मग वाजवायचं. मग उकरायचं. पण एकदम चारी बाजूंनी नाही. आधी एक अर्ध, ते बघून माती दाबून बसवली की दुसरं. खांबाच्या लांबीचा साधारण सहावा हिस्सा जमिनीत असतो, तीस फुटी खांब असला तर पाच फूट. त्यातला वरचा हातभरच आपल्याला हवा असतो, तेवढा उघडल्यानं खांब पडत नाही. पण खांबाच्या तब्येतीची खात्री नसताना चौफेर खड्डा करणं म्हणजे आजाऱ्याच्या अंगावरचं पांघरूण एकदम ओढण्यासारखं.

माती काढली की तारेच्या ब्रशनं घोटा घासायचा आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक लाकडात खुपसून वर उचकटायचं. इथं बघण्यासारखं आहे. चांगलं लाकूड कडकन आवाज करून लांब सळई सोडतं. कुजकं लाकूड आवाज न करता तिथल्या तिथं तुटतं, बिस्किटासारखं. रंगावर जाऊ नये. काळं पडलेलं लाकूड पुष्कळदा आतून ठणठणीत असतं आणि पिवळंधमक दिसणारं मऊ निघतं. मी शाळेतल्या मुलींना ही सळई दाखवायला नेलं होतं, तर त्यातली एक म्हणाली, "बाई, चांगलं लाकूड ओरडतंय आणि वाईट गप्प बसतंय." मला इतक्या वर्षांत ते इतकं नीट सांगता आलं नव्हतं.

शेवटचं हत्यार गिरमिट. आमच्या भागात गिरमिट म्हटलं की चुरमुऱ्यांचं, वर शेव-कांदा घातलेलं गिरमिट आधी आठवतं. लहानपणी आप्पांच्या पिशवीत तेच असेल म्हणून मी एकदा हात घातला होता आणि बोट कापून घेतलं होतं. हे गिरमिट लाकूड भोकायचं. घोट्यापाशी, तिरकं खाली जाईल असं धरून फिरवायचं आणि येणारा भुसा तळहातावर घ्यायचा. कोरडा, चुरचुरीत, डांबराचा वास असलेला भुसा आला तर बरं. ओलसर, काळपट पीठ आलं, किंवा गिरमिट एकदम सुळकन आत गेलं, तर पोकळी आली. भोक पडलं की त्यात औषध लावलेली लाकडी मेख ठोकून ते बुजवायचं. हे शेवटचं काम लोक विसरतात. विसरलेलं भोक म्हणजे बुरशीला आणि वाळवीला आपण होऊन उघडून दिलेलं दार.

कारण खांबाचं रक्षण त्याच्या बाहेरच्या थरात असतं. आप्पा सांगायचे की आमच्याकडचे बरेचसे जुने खांब दांडेलीच्या बाजूचे, सागवानी. साग म्हटलं की लोक निर्धास्त होतात. सागाच्या गाभ्याला वाळवी सहजी लागत नाही हे खरं, त्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं आणि वाळवीला ते चालत नाही. पण खांबाला लागतं ते तरुण, सरळसोट झाड, आणि तरुण झाडात गाभा थोडा, भोवतीचं पांढरं लाकूड जास्त. त्या पांढऱ्याला कसलीच प्रतिकारशक्ती नाही. मात्र ते औषध छान पितं, गाभा पीत नाही. म्हणून खांब वाळवून, बंद टाकीत घालून, दाबानं त्यात औषध भरतात. १८३८ साली इंग्लंडमध्ये जॉन बेथेलनं या रीतीचं पेटंट घेतलं, तेव्हा औषध होतं क्रिओसोट, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेलं तेल. पुढं १९३३ मध्ये आपल्या डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं पाण्यात विरघळणारं औषध तयार केलं. ते लाकडात गेलं की तिथंच घट्ट बसतं, पावसानं सहजी धुपत नाही. जगभरच्या लाखो खांबांचं आयुष्य त्या एका शोधानं वाढलं. मी शाळेत ३१ वर्षं शिकवलं, पण विज्ञानाच्या एकाही पाठ्यपुस्तकात मला हे नाव भेटलं नाही, याचं वाईट वाटतं.

त्या औषधात आर्सेनिक आहे हेही तितकंच महत्त्वाचं. अमेरिकेत २००३ नंतर घरगुती कामासाठी असं लाकूड बनवणं थांबवलं गेलं. आमच्याकडं अजून घरोघरी आंघोळीचं पाणी सरपणावर तापतं, आणि काढून टाकलेला खांब म्हणजे लोकांना आयतं जळण वाटतं. गल्लीतल्या एका काकूंनी हिरवट झाक असलेल्या खांबाचे तुकडे न्हाणीच्या चुलीत घातले होते. आप्पांनी धावत जाऊन चूल विझवली, आणि राख खड्डा करून पुरायला लावली. काकू त्याच राखेनं भांडी घासणार होत्या. आर्सेनिक जळून नाहीसं होत नाही, धुरात आणि राखेत तसंच राहतं. खांबाचं लाकूड चुलीत घालू नका, हे जितक्या मोठ्यानं सांगता येईल तितक्या मोठ्यानं मी सांगते.

आता माझ्या विषयाकडं येते. मी गणित शिकवायची. आप्पांचा एक नियम होता: "घेर दोन आण्यांनी उतरला की खांब गेला." म्हणजे मूळ घेर ३२ इंच असेल आणि कुजकं खरवडून काढल्यावर तो २८ भरला, तर खांब बदलायचा. रुपयात सोळा आणे, त्यातले दोन, म्हणजे आठवा हिस्सा. मला वाटायचं, आठवाच हिस्सा गेलाय, सात हिस्से आहेत की अजून, एवढी घाई कशाला? निवृत्त झाल्यावर एका दुपारी कागद घेऊन बसले. गोल दांडा वाकताना त्याची ताकद जाडीच्या घनावर ठरते, जाडी गुणिले जाडी गुणिले जाडी. सात-अष्टमांशाचा घन काढला: ५१२ मधले ३४३. म्हणजे जवळजवळ बरोबर दोन तृतीयांश. अमेरिकेतल्या वीज-सुरक्षा नियमांत लाकडी खांबाला हीच सीमा आहे: लागणाऱ्या ताकदीच्या दोन तृतीयांशावर आला की बदला, नाहीतर आधार द्या. आप्पा शाळेत दहावीपर्यंत गेलेले. हा नियम त्यांना कोणा मेस्त्रीनं शिकवला की हातांनी, ते विचारायचं राहून गेलं. त्या दुपारी तो कागद मी त्यांच्या फोटोपुढं नेऊन ठेवला.

आणखी एक हिशोब त्याच कागदावर आहे. दहा इंच जाडीच्या खांबाचा बाहेरचा इंचभर थर चहूकडून कुजला आणि आतलं आठ इंच भरीव राहिलं, तर ताकद उरते ५१ टक्के. उलट, आतलं आठ इंच सगळं पोकळ झालं आणि बाहेरचा फक्त इंचभर थर शाबूत राहिला, तर उरते ५९ टक्के. पोकळ खांब भरीव खांबापेक्षा बळकट! बांबू बघा, सायकलची नळी बघा. ताकद कडेला असते. हे कागदावरचं, कारण इतका पातळ थर प्रत्यक्षात चिरतो, चेपतो, आणि पोकळी वर्षागणिक वाढत जाते. आप्पा दोन इंचांपेक्षा कमी थर कधी चालवून घेत नसत. पण वाजवून पोकळ लागलेल्या खांबापेक्षा न वाजणाऱ्या घोट्याची त्यांना जास्त धास्ती का होती, ते या दोन आकड्यांत आहे.

हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण मात्र आमच्या गल्लीचा रस्ता.

मी लहान असताना आमच्या कोपऱ्यावरच्या खांबावरचा नंबराचा पत्रा माझ्या डोक्याच्या वर होता. आज तो माझ्या छातीशी येतो. थोडी मी वाढले, आणि पुष्कळसा रस्ता वाढला. आधी खडी, मग डांबर, मग डांबरावर डांबर, मग काँक्रीट आणि आता पेव्हर. प्रत्येक वेळी जुनं न खरवडता वर नवा थर. घरांचे उंबरे खाली गेले, पावसाचं पाणी आत यायला लागलं, याची ओरड सगळे करतात. खांबाचं कुणी बोलत नाही. रस्ता वीतभर वर आला की जुना घोटा गाडला जातो आणि त्याच्या वर नवा घोटा तयार होतो. तारांची उंचीही तेवढीच कमी होते. १९५६ च्या वीज नियमांत रस्ता ओलांडणाऱ्या साध्या लाईनला १९ फुटांची उंची सांगितलेली. खांब लावताना ती होती. आता वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ निघतात तेव्हा पोरं बांबूच्या बेचक्यांनी तारा उचलून धरतात, ते बघताना माझा जीव थाऱ्यावर नसतो.

आणि काँक्रीट खांबाला चिकटून ओततात. दिसायला नीटनेटकं दिसतं. पण काँक्रीट सुकताना आक्रसतं, खांब वाऱ्यानं हलतो, आणि दोघांच्या मध्ये केसाएवढी फट पडते. पाणी तिच्यातून आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. उन्हाळ्यातही घोटा वाळत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे तो बघता येत नाही. उकरायचं कसं? एरवी दहा वर्षं काढेल असा खांब पाच वर्षांत गेलेला मी पाहिला आहे. पेव्हर बसवायला आलेल्या माणसांना मी हात जोडून म्हटलं, खांबाभोवती हातभर गोल मोकळा सोडा. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "बाई, चांगला उभा आहे की खांब. त्याला काय झालंय?" कंत्राटात तसं लिहिलेलं नाही, असं दुसऱ्यानं सांगितलं. संध्याकाळपर्यंत पेव्हर खांबाला भिडले होते. त्याच दिवशी त्यांनी गल्लीतल्या कडुनिंबाचंही तेच केलं.

यंदा शिमग्यानंतर मी गल्लीतल्या बायकांना गोळा केलं. आधी सेक्शन ऑफिसला लेखी कळवलं, कारण खांब आपला नसतो आणि तारांशी आपला संबंध नाही. माझं काम जमिनीपासून खांद्यापर्यंत, त्याच्या वर बघायचं ते त्यांनी. तिथला तरुण लाईनमन बघायला आला, माझ्या हातातली हातोडी बघून थोडा वेळ थांबला, मग म्हणाला, "उघडा तुम्ही घोटा, मी उभा राहतो." मी घोटा हा शब्द त्याच्यापुढं उच्चारलाच नव्हता. आप्पांचा शब्द त्यांच्या गँगमधून कुठून कुठून फिरत या पोरापर्यंत आला होता. तो बागलकोटकडचा, घरी कन्नड बोलणारा.

पेव्हर काढले, खाली काँक्रीट, ते छिन्नीनं फोडलं, खाली डांबराचे दोन थर. तिसऱ्या दिवशी माती लागली. ओली, कुबट, मे महिन्याच्या तोंडाशी. आधी एक अर्ध, मग दुसरं. नव्या घोट्याचा, म्हणजे काँक्रीटच्या लगतचा, बाहेरचा थर बोटानं निघत होता. त्याच्या दीड वीत खाली आप्पांनी जपलेला जुना घोटा, तिथं त्यांनी बांधलेल्या औषधाच्या पट्टीचे अवशेष, आणि लाकूड लोखंडासारखं. स्क्रू ड्रायव्हर उचकटला तर कडकन सळई. मी ती सळई ओच्यात घेऊन तिथंच जरा वेळ बसले.

वर खरवडून टेप लावली. मूळ घेर वहीत होता, ३२ इंच. भरला २७. दोन आण्यांपेक्षा जास्त. साठ टक्के ताकद, काठावरून खाली.

लाईनमननं वर फोटो पाठवले. आठ दिवसांत माणसं आली. केबलवाल्यांचा आणि इंटरनेटवाल्यांचा तारांचा भारा खांबाला विनाकारण एका बाजूला ओढत होता, तो त्यांनी काढायला लावला. दोन्ही अंगांनी लोखंडी रूळ गाडून खांबाला पट्ट्यांनी आवळले, नवा खांब येईपर्यंतची सोय म्हणून. घोट्याला औषधाचा लेप आणि त्यावर पट्टी. भोवती आता हातभर रुंद मोकळा गोल आहे, आम्ही त्यात बारीक खडी टाकली आहे आणि उतार बाहेरच्या अंगाला दिला आहे. कचरा आणि राख तिथं टाकू नये म्हणून काकूंची नात लक्ष ठेवते. कडुनिंबाभोवतीचे पेव्हरही त्याच दिवशी निघाले, ते कुणी काढले मला ठाऊक नाही.

मंगाईच्या बोळातला खांब गेल्या आठवड्यात उघडला. घेर २९ होता, २८ भरला. तो काढेल अजून काही वर्षं.

राहिला नाल्याकडचा. रोहिणी लागली, मिरगाला चौदा दिवस आहेत. तिथली माती अजून कोरडी आहे. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत खोरं घेऊन जायचं ठरलंय, लाईनमन सात वाजता येतो म्हणालाय.